फुटबॉलला नीट किक मारायला शिका: खान्देशातल्या नवशिक्यांसाठी पायरी पायरीने

खान्देशात फुटबॉल शिकायचा तर पहिली अडचण म्हणजे शिकवायला माणूस मिळत नाही. जळगाव, धुळे, भुसावळला शोधलं तर एखादा कोच सापडतो, पण चोपडा, शिरपूर, साक्री, शहाद्याकडच्या पोरांनी काय करायचं? शाळेत पीटीचे सर असतात, त्यांच्या एकट्याच्या अंगावर कबड्डी, खो-खो, अ‍ॅथलेटिक्स सगळंच असतं, ते बॉल काढून देतात आणि खेळा म्हणतात, बाकी मोबाईलवर बघून शिकायचं. मोबाईलवर दिसतो तो माणूस आधीच तयार असतो, त्याचा पाय इतक्या पटकन टेकतो आणि उचलला जातो की नवीन माणसाला त्यातलं काही कळत नाही. मी असाच विचारत विचारत, सीनियर पोरांचं बघत शिकलो, आता सकाळी आमच्या भागातल्या पोरांना घेतो, आणि प्रत्येक नवीन पोऱ्या त्याच चार-पाच जागी अडकतो. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय, ज्याला गरज असेल त्याने वाचावं आणि ग्राउंडवर जाऊन करून बघावं.

यात एकच किक धरली आहे, लेसेसची किक, म्हणजे पावलाच्या वरच्या हाडाने सरळ आणि जोरात मारलेली. गोलवर शॉट, लांबचा पास, डिफेन्समधून बॉल बाहेर काढणं, सगळं याच किकवर उभं आहे.

अजून एक, ग्राउंडच्या बाहेर उभे असलेले सगळे "जोरमा मार भो, जोरमा मार" ओरडत असतात. त्यांचं ऐकू नका. बॉल कुठे जाणार हे बॉलच्या शेजारी टेकवलेला पाय ठरवतो, आणि किती जोरात जाणार हे घोटा किती कडक धरलाय त्याच्यावर असतं. मांडीत ताकद असणं चांगलंच, पण या दोन गोष्टी जमल्याशिवाय ती ताकद बॉलपर्यंत पोचतच नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठीच आहेत.

काय काय लागेल

- बॉल. १३ वर्षांच्या पुढे साइझ ५ (घेर ६८ ते ७० सेंमी, वजन ४१० ते ४५० ग्रॅम). साधारण ८ ते १२ वर्षांच्या मुलामुलींना साइझ ४, त्याहून लहानांना साइझ ३. "मोठा झाला की कामात येईल" म्हणून आठ वर्षांच्या पोराला साइझ ५ घेऊन देऊ नका, पाय दुखतो, मग तो घाबरून टोकाने मारायला लागतो आणि ती सवय जाता जात नाही.
- हवा भरायचा पंप आणि निडल. निडल दोन घ्या, एक हमखास वाकते किंवा हरवते.
- शूज. आपल्याकडच्या कडक जमिनीवर बारीक रबरी दाण्यांचे टर्फ शूज बेस्ट, नाहीतर साधे कॅनव्हासचे पण चालतात.
- शिन-गार्ड, म्हणजे नडगीला मार लागू नये म्हणून लावायची ढाल. एकट्याने भिंतीवर प्रॅक्टिस करताना नसले तरी चालतं, मॅचमधे नियमानेच लागतात.
- एक मजबूत भिंत. शाळेची, गोडाऊनची, कोणाची असेल त्यांना विचारून घ्या.
- खडू किंवा चुना, खुणा करायला.
- पाणी, टोपी आणि स्लो मोशन असलेला कोणताही मोबाईल.

बॉल घेताना दुकानदाराला सरळ सांगा की कडक ग्राउंडवर खेळायचंय. गवतावरचे भारी गुळगुळीत बॉल आपल्या खडीवर महिन्या-दोन महिन्यात सोलून निघतात. जाड रबरी आवरणाचा साधा बॉल जास्त टिकतो आणि स्वस्तात मिळतो.

१. जागा आणि वेळ ठरवा

ही पायरी पोरं सोडून देतात आणि मग पाय मुरगळून घेतात. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, एखाद्या भेगेत टाच गेली की घोटा गेलाच. पावसाळ्यात तीच जमीन चिकट होते, बुटाला किलोभर चिखल लागतो आणि टेकवलेला पाय घसरतो. त्यामुळे मुरूम टाकून दाबलेली किंवा पांढऱ्या मातीची जागा बघा, शाळेचं ग्राउंड, बाजार समितीचं मोकळं आवार, जे मिळेल ते. जळगावला शिवतीर्थ किंवा सागर पार्क, धुळ्याला गरुड मैदान अशा ठिकाणी क्रिकेटवाल्यांची गर्दी असते, तिथे एखादा कडेचा कोपरा बघून लवकर पोचावं लागतं.

गावाकडे सुगी झाल्यावर मोकळं शेत दिसतं आणि पोरं तिथे अनवाणी उतरतात. ज्वारीची धसकटं आणि पऱ्हाटीचे खुंट पायात घुसतात, तिथे अनवाणी अजिबात नाही. नदीपात्रातली वाळू पण किक शिकायला उपयोगाची नाही, टेकवलेला पाय आत जातो आणि सगळा अंदाज चुकतो. पळायला, दम वाढवायला वाळू चांगली.

वेळ सकाळी सहा ते आठ किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. एप्रिल-मे मधे जळगाव, भुसावळला पारा ४४-४५ पर्यंत जातो, त्या दिवसात दुपारी ग्राउंडवर जाण्यात काही मर्दानगी नाही, उष्माघाताने माणूस जातो. डोकं दुखायला लागलं, घाम यायचा थांबला, मळमळलं, चक्कर आली तर लगेच सावलीत, अंगावर पाणी, आणि बरं वाटत नसेल तर थेट दवाखाना.

२. बॉलमधली हवा बघा

नियमानुसार प्रेशर ८.५ ते १५.६ पीएसआयच्या मधे पाहिजे. शिकताना खालच्या बाजूला ठेवा, ९ च्या आसपास, म्हणजे पायाला कमी लागतं. मीटर नसेल तर दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघा, थोडासा दबला पाहिजे, दगडासारखा लागला तर हवा काढा. निडल घालायच्या आधी थोडी ओली करा, कोरडी घातली की आतला वाल्व फाटतो. हवा सकाळी भरली आणि बॉल दुपारी उन्हात किंवा डिकीत राहिला तर प्रेशर वाढून शिलाई उसवते, म्हणून बॉल घरात सावलीत.

आणि बाभळीचा काटा! ग्राउंडच्या कडेला वेडी बाभूळ असेल तर प्रॅक्टिसच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून काटे वेचायचे, आमच्याकडे हा नियमच आहे. पोरांनी पैसे जमवून आणलेला बॉल पहिल्याच आठवड्यात बसला की फार वाईट वाटतं हो.

३. अंग गरम करा

दहा मिनिटं. हळू पळणं, मग गुडघे वर घेत पळणं, टाचा मागे लावत पळणं, भिंतीला हात धरून एकेक पाय पुढे-मागे आणि आडवा झुलवणं, शेवटी चार-पाच छोटे स्प्रिंट. थंड अंगाने जमिनीवर बसून पाय ताणत बसू नका, ते प्रॅक्टिस झाल्यावर. जांघेचा आणि मांडीच्या पुढचा स्नायू जोरात किक मारतानाच ताणला जातो, आणि एकदा जांघ धरली की काही आठवडे घरी बसायची पाळी येते.

४. घोटा लॉक करायला शिका, बॉल न मारता

आता खरं काम सुरू. हे घरी खुर्चीवर बसून करा, बूट काढून. पाय थोडा पुढे घ्या, पावलाची बोटं खाली जमिनीकडे ताणा जेवढी ताणता येतील तेवढी, आणि बोटं मुठीसारखी आवळल्यागत करा. पावलाचा वरचा भाग आणि नडगी जवळजवळ एका रेषेत आली पाहिजे. आता घरातल्या कोणाला तरी सांगा पाऊल धरून हलवायला. हललं तर लॉक नाही. हललं नाही तर हाच घोटा बॉलला लागेपर्यंत आणि लागून गेल्यावर पण असाच ठेवायचा.

कारण समजून घ्या म्हणजे पटेल. पाय आणि बॉल एकमेकांना लागलेले असतात तो वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका असतो. एवढ्या वेळात तुम्ही काही सुधारू शकत नाही, जे काय असेल ते आधीच तयार पाहिजे. घोटा ढिला असेल तर बॉल लागला की पाऊल मागे वाकतं आणि अर्धा जोर तिथेच मुरतो, दांडा ढिला झालेल्या कुऱ्हाडीने कितीही जोरात घाव घाला, लाकूड फुटत नाही तसं. म्हणून बघा, सडपातळ पोराचा शॉट कधी कधी पहिलवानापेक्षा जोरात जातो.

आता हात लावून पावलावरचं हाड शोधा. बुटाच्या लेसेसच्या खाली, अंगठ्याच्या रेषेत पण घोट्याकडे थोडं वर, एक टणक उंचवटा लागतो. बॉल तिथे लागला पाहिजे. बोटांवर नाही, नडगीवर पण नाही.

हे रोज करा, टीव्ही बघता बघता करा, पोटरीत गोळा येईपर्यंत नका करू.

५. हातातून बॉल सोडून हलका टच

आता बॉल घ्या. दोन्ही हातात छातीसमोर धरा, सोडा, आणि लॉक केलेल्या पावलाने हलकेच वर उडवून परत हातात झेला. जोर अजिबात नाही. बॉल बघत राहा, तो फिरतोय का न फिरता वर येतोय. न फिरता सरळ वर आला तर बरोबर हाडावर बरोबर मधोमध लागला. तुमच्याकडे फिरत आला तर बोटांवर लागला, तिरका गेला तर पावलाच्या कडेला लागला. हा बॉल स्वतःच तुम्हाला सांगतो काय चुकलं, कोच असण्याची गरज पडत नाही, आणि मला वाटतं एकट्याने शिकणाऱ्यासाठी याच्याइतकी चांगली प्रॅक्टिस दुसरी नाही. लागोपाठ दहा वेळा न फिरता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

मऊ जागेवर, घराच्या ओट्यावर, गवतावर हे अनवाणी करून बघा, कुठे लागतंय ते जास्त चांगलं कळतं. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमधे आपल्या टीममधले बरेच खेळाडू फ्रान्सविरुद्ध अनवाणीच खेळले होते, मॅच २-१ ने गेली आणि त्यात पण आपल्या दोन पेनल्टी हुकल्या होत्या. आज मॅच अनवाणी खेळता येत नाही, नियमाने बूट लागतात, पण शिकताना पायाला बॉल ओळखीचा व्हायला अनवाणी हलका टच फार कामाचा. जोराची किक मात्र बुटातच.

याच सोबत आतल्या बाजूचा पास पण घ्या. पावलाची बोटं बाहेरच्या बाजूला फिरवून, बोटं थोडी वर, घोटा तसाच कडक, टाच आणि अंगठा यांच्या मधल्या सपाट भागाने भिंतीवर बॉल ढकलायचा, परत आला की थांबवून परत. दोन्ही पायांनी. यातच टेकवलेल्या पायाची सवय लागायला सुरुवात होते.

६. टेकवलेला पाय, सगळ्यात महत्त्वाचं

या पायरीवर सगळ्यात जास्त दिवस घालवा. मी उजव्या पायाने मारणाऱ्यासाठी लिहितोय, डावखुऱ्यांनी उलटं धरा.

बॉल ठेवा. बॉलच्या डाव्या बाजूला, साधारण एक वीत अंतरावर, खडूने तुमच्या डाव्या बुटाचा आकार काढा. बुटाचा मधला भाग बॉलच्या मधल्या भागाच्या रेषेत, आणि बुटाचं टोक जिथे बॉल पाठवायचा तिकडे. भिंतीवर पण एक गोल काढा म्हणजे टोक नेमकं कुठे ठेवायचं ते कळेल.

आता नुसतं एक पाऊल मागे जा, पुढे येऊन डावा पाय त्या खडूच्या खुणेवर टेकवा आणि थांबा. मारायचं नाही. खाली बघा, पाय खुणेत आहे का? गुडघा थोडा वाकलेला आहे का? पूर्ण वजन त्या पायावर आहे का? पोरांना कंटाळा येतो याचा, मला माहितीये, पण बॉल हवेत का गेला, बाजूला का गेला, जोर का नाही आला, याची उत्तरं बहुतेक वेळा इथेच सापडतात.

काय काय होतं ते सांगतो. पाय बॉलच्या मागे राहिला तर शरीर मागे झुकतं, पाऊल बॉलच्या खाली घुसतं आणि बॉल थेट गोडाऊनच्या पत्र्यावर. फार पुढे गेला तर बॉल जमिनीत दाबला जातो, टप्पे घेत जातो. बॉलला फार चिकटून टेकवला तर मारणाऱ्या पायाला यायला जागाच राहत नाही, पावलाच्या बाहेरच्या कडेला लागतो. फार लांब टेकवला तर तुम्ही बॉलकडे हात पसरल्यासारखे वाकता, तोल जातो आणि बॉल आतल्या बाजूला किंवा टोकाला लागतो. आणि बुटाचं टोक भलतीकडे असेल तर खुबा पण तिकडेच वळतो, मग मारणारा पाय कितीही सरळ आणा, बॉल बुटाच्या टोकाच्या दिशेने जातो.

पेनल्टी अडवणारे गोलकीपर पण खूपदा किक मारणाऱ्याचा टेकवलेला पाय आणि खुबा बघून अंदाज घेतात, यावरून ओळखा.

खूण न बघता पाय बरोबर जागी पडायला लागला की मग हळू किक मारायला सुरुवात. एक पाऊल, टेकव, मार. अर्ध्याहून कमी जोर. भिंतीपासून सहा-सात पावलांवर उभे राहा.

७. डोकं, छाती, हात

बॉलकडे बघायचं. कुठे मारायचं ते आधी बघून घ्या, मग नजर बॉलवर आणि बॉल सुटून जाईपर्यंत तिथेच. गोल झाला का बघायची घाई होते आणि मान वर उचलली की छाती मागे, की बॉल वर.

छाती आणि गुडघा बॉलच्या वर आला की बॉल खाली राहतो. शिकताना बॉल खालूनच जायला पाहिजे, गोलकीपरला पायाजवळच्या कोपऱ्यातला बॉल अडवणं जास्त अवघड जातं आणि आपल्या शालेय मॅचेसमधे तर नक्कीच. डावा हात बाजूला पसरा, तोल राहतो. हात खिशात असल्यागत अंगाला चिकटवून किक मारणारे खूप आहेत, त्यांचा तोल जातो आणि त्यांना कळत नाही का गेला.

८. तिरका रन-अप

सरळ मागून पळत येऊन मारायचा मोह होतो, क्रिकेटच्या बोलिंगची सवय असते म्हणून असेल. सरळ आलात आणि बोटं खाली ताणली तर बोटं जमिनीला घासतात, मग पाय आपोआप टोक वर करतो, आणि आली परत टोकाची किक. म्हणून बॉलच्या मागे जाऊन थोडं डावीकडे सरका, ३० ते ४५ अंशाच्या तिरक्या रेषेत उभे राहा. तिरकं आलं की शरीर टेकवलेल्या पायाकडे थोडं कलतं, मारणारा पाय लांब होतो आणि बोटं खाली असून पण जमिनीला लागत नाहीत. शिवाय खुब्याला फिरायला जागा मिळते, जोर तिथून येतो.

तीन-चार पावलं पुरे. वीस पावलं मागे जाऊन धावत येण्यात फायदा नाही, नवीन माणसाचा शेवटचा पाय चुकतो. शेवटचं पाऊल मात्र बाकीच्यांपेक्षा लांब टाका, त्याच वेळी उजवी टाच मागे पार्श्वभागाकडे जाते, गुडघा आधी पुढे येतो आणि नडगी मागून सुटून येते. मांडी आधी, पाऊल शेवटी. हे वाचून नाही कळणार, मोबाईल बाजूला विटेवर टेकवून स्लो मोशनमधे स्वतःला बघा, दोन दिवसात कळेल.

९. मारून थांबू नका

बॉल लागला की पाय तिथेच थांबवायचा नाही, जिकडे बॉल पाठवला तिकडे पाय जाऊ द्यायचा आणि मारलेल्या पायावरच पुढे उतरायचं. उजव्या पायाने मारलं आणि उजव्याच पायावर एक पाऊल पुढे पडलात तर वजन बॉलमधे गेलं. मारून मागे पडत असाल तर वजन मागेच राहिलं. पाय आडवा शरीरासमोरून डावीकडे गेला तर बॉल पण डावीकडे वळतो.

१०. आठवड्याचा हिशोब

आठवड्यात तीन-चार दिवस, दिवसाला पाऊण तास. रोज तेच करत बसलं तर मांडी धरते. एका दिवसात जोराच्या किका तीस-चाळीसच्या वर नको, बाकी हलका टच, पास, खुणेवर पाय टेकवणं. दहा-दहाचे सेट करा आणि सेटच्या मधे दोन मिनिटं थांबा, दमलेल्या पायाने मारलेली किक चुकीची सवय लावते.

भिंतीवर चार चौकोन काढा, खाली दोन, वर दोन. आधी नुसतं खालच्या दोन चौकोनात. दहापैकी सात जायला लागले की एक-दोन पावलं मागे सरका. पेनल्टीचं अंतर ११ मीटर असतं, गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. भिंतीवर एवढी जागा मोजून आखली तर अंदाज बसतो, आणि पोरांना ते फार आवडतं.

जागेवर ठेवलेला बॉल जमला की मग हलता बॉल. आधी स्वतःच हळू पुढे ढकलून दोन पावलात मारायचा. इथे एक खुबी आहे, बॉल पुढे जातोय म्हणजे पाय टेकवताना बॉलच्या थोडा पुढे टेकवायचा, तोपर्यंत बॉल बरोबरीला येतो. नंतर मित्राला समोरून, मग बाजूने पास द्यायला सांगा.

दुसरा पाय पण पहिल्या महिन्यापासूनच. दहा उजव्याने झाल्या की तीन-चार डाव्याने, जोर नको, फक्त पायऱ्या बरोबर. मोठेपणी डावा पाय बसवणं फार कठीण जातं, लहान पोरांना पटकन येतं.

प्रॅक्टिस झाली की केळी खा, आपल्याकडे रावेर-यावल पट्ट्यात त्याची कमी नाही, आणि पाणी. बाहेरच्या रंगीत बाटल्यांवर पैसे घालवण्यापेक्षा लिंबू, मीठ, साखरेचं पाणी घरून न्या.

कुठे फसायला होतं

टोकाने मारणं. टोकाने बॉल जोरात जातो हे खरं आहे आणि म्हणूनच पोरं सोडत नाहीत. पण कुठे जाईल याची काही गॅरंटी नाही आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. दोन-तीन आठवडे लेसेसचा शॉट टोकापेक्षा कमी जोरात जाईल, तेवढा धीर धरा, नंतर तो टोकाच्या पुढे निघून जातो.

वळवायची किक आधी शिकायला जाणं. १९९७ मधे ब्राझीलच्या रॉबर्टो कार्लोसने फ्रान्सविरुद्ध फ्री किक मारली ती आजही मोबाईलवर फिरत असते, साधारण ३५ मीटरवरून, डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने, बॉल समोर उभ्या खेळाडूंच्या भिंतीच्या बाहेरून जाऊन आत वळला. पोरं ती बघतात आणि दुसऱ्या दिवशी तेच करत असतात. बॉल वळतो कारण तो मधोमध न लागता कडेला लागतो आणि फिरत फिरत हवेतून जातो. पण मधोमध लावता येत नाही तो कडेला नेमका कसा लावणार? आधी सरळ.

मोठे बूट. वाढत्या वयाचा पोरगा म्हणून दोन नंबर मोठे घेतात, आत पाय सरकतो आणि घोटा लॉक करून काही उपयोग राहत नाही. पुढे अर्ध्या बोटाची जागा, बस. आणि तळाला लांब टोकदार स्टड (खुंट्या) असलेले बूट खडकाळ ग्राउंडवर घालू नका, टाच आणि गुडघा दुखतो.

मुलींना लहान किंवा हलका बॉल देणं. महिलांच्या मॅचेस पण साइझ ५ नेच होतात, टेक्निक एकच आहे, वयाप्रमाणे साइझ द्या आणि पोरांच्या बरोबरीने किका मारू द्या. आमच्या ग्रुपमधे घोटा सगळ्यात कडक ठेवणारी एक मुलगीच आहे.

दुखलं तर

घोटा मुरगळला तर खेळ तिथेच थांबवा. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, पाय उशीवर उंच ठेवा. चोळू नका, गरम तेल नको, आणि सूज जास्त असेल, पायावर उभं राहता येत नसेल तर गावातल्या मोच काढणाऱ्याकडे ओढत नेऊ नका, एक्स-रे काढा. हाडाला चीर असताना ओढाताण केली तर पुढे फार त्रास होतो.

१० ते १५ वर्षांच्या मुलांमधे गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला टेंगूळ येऊन दुखतं, जास्त पळून आणि किका मारून. वाढत्या हाडावर स्नायूचा ताण येतो म्हणून ते होतं. "काही नाही होत, खेळ" म्हणून ढकलू नका, किका बंद करून हाडांच्या डॉक्टरला दाखवा, आराम दिला की बहुतेकांचं बरं होतं.

बॉल चुकला की हे बघा

- वर गेला: टेकवलेला पाय मागे, छाती मागे, किंवा मान आधी उचलली.
- डावीकडे गेला (उजव्या पायाने): डाव्या बुटाचं टोक डावीकडे, नाहीतर पाय शरीरासमोरून आडवा गेला.
- उजवीकडे गेला: बुटाचं टोक उजवीकडे, किंवा पाय बॉलला फार चिकटून टेकवला आणि बॉल बाहेरच्या कडेला लागला.
- जोर नाही: घोटा ढिला, किंवा मारून पाय तिथेच थांबवला.
- बोटं जमिनीला लागली: रन-अप सरळ आहे, अजून तिरकं या.
- बोटं दुखतात: बॉल टोकाला लागतोय, पायरी ५ वर परत जा.
- सगळंच एकदम चुकतंय: अंतर अर्धं करा, जोर अर्धा करा, खडूची खूण परत काढा आणि नुसता पाय टेकवण्यापासून सुरू करा.

एका वेळी एकच गोष्ट सुधारायला घ्या. ग्राउंडवर चार जण चार गोष्टी सांगतात, मान खाली, हात बाहेर, तिरका ये, जोर लाव, आणि पोरगं गोंधळून जातं. आज फक्त टेकवलेला पाय, असं ठरवून घरातून निघायचं आणि त्या दिवशी बॉल कुठेही गेला तरी बघायचं फक्त पाय कुठे टेकला ते.